'आरोपी'च्या मुळाशी

एका वाचकाने खुनाच्या खटल्यावरची लघुकथा वाचून प्रश्न पाठवला आहे. कथेत एकावर सख्ख्या भावाच्या खुनाचा खटला चालतो. शेजारीण साक्ष देते की तिन्हीसांजेला तिने त्याला विहिरीजवळ पाहिलं. शेवटी न्यायाधीश संशयाचा फायदा देऊन त्याची निर्दोष मुक्तता करतात. तरी लेखक अखेरपर्यंत त्याला आरोपीच म्हणतो. शेवटचं वाक्य आहे, 'आरोपी घरी गेला आणि त्याने दिवा लावला.' वाचक विचारतात, खून त्यानेच केला असं लेखक सुचवतो आहे का? शिवाय त्यांच्या एका जाणकार मित्राच्या मते 'आरोपी' हा शब्दच चूक, 'आरोपित' हवा.

खून, हत्या, वध यांतले फरक इथे उगाळत नाही, कोशात सापडतील. माझं डोकं 'आरोपी'नेच उठवलं आहे. 'आरोपीने खून करून पळ काढला' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता कान किटले. अहो, पळ काढला तो खुन्याने. तो आणि आरोपी एकच आहेत की नाहीत, हे ठरवायलाच तर खटला आहे! त्याहून कहर म्हणजे 'अज्ञात आरोपी'. ज्याचा पत्ताच नाही त्याच्यावर आरोप ठेवला कुणी?

आरोप म्हणजे दोष नव्हे. तसं असतं तर 'दोषारोपपत्र' म्हणताना मागे 'दोष' वेगळा का जोडावा लागला असता? नुसत्या आरोपाला काहीही चालतं, दोष चालतो तसा गुणही. मुखाला चंद्र म्हटलं की मुखावर चंद्राचा आरोप झाला, असं अलंकारशास्त्र सांगतं आणि त्याला रूपक म्हणतं. तिथे कुणी मुखाला शिक्षा सुनावत नाही.

आता खरी मजा. धातू आहे रुह्, म्हणजे उगवणं, वर चढणं. सरोरुह, आरोह, आरोहण हे सगळं त्याचंच गोत. याचं प्रयोजक रूप (म्हणजे 'चढवणं', 'उगवायला लावणं' असा अर्थ देणारं) 'रोहयति' होतं तसंच 'रोपयति'ही होतं. ह चा प करायची मुभा पाणिनीनेच दिली आहे. त्या प मधून आपलं रोप आलं, रोपण आलं, वृक्षारोपण आलं. आणि आरोपही तिथूनच आला. आरोप म्हणजे चढवणं, लावणं. धनुष्यावर दोरी चढवली तरी ते आरोपणच. 'आरोप लावणे' हा हिंदीचा संसर्ग आहे म्हणून नाकं मुरडणारे मला ठाऊक आहेत. असेलही संसर्ग. पण झाड लावायचं आणि आरोपही लावायचा, यात धातूचा मूळ अर्थ नकळत जागा झाला आहे हे त्यांच्या नाकाला कळत नाही. (आळ आणि झाडाभोवतीचं आळं यांचंही नातं जोडायचा मोह होतो. तो मात्र मोठ्या कष्टाने आवरला आहे.)

लावलेलं रोप जमिनीचं नसतं, बाहेरून आणून खोचलेलं असतं. ही गोष्ट वेदान्त्यांनी अचूक पकडली. सदानंदाच्या 'वेदान्तसार' या ग्रंथात अध्यारोपाची व्याख्या आहे : साप नसलेल्या दोरीवर जसा सापाचा आरोप, तसा वस्तूवर अवस्तूचा आरोप. म्हणजे अंधुक उजेड, समोर दोरी आणि बघणाऱ्याच्या डोक्यात साप. आता कथेतली शेजारीण आठवा. तिन्हीसांज, विहीर, एक आकृती. ती खोटं बोलत नाही. तिला दिसलं ते ती सांगते. साप दोरीत होता की डोळ्यांत, हे तिला विचारून कसं कळणार? माझ्या मते लेखकाने तिन्हीसांज उगाच निवडलेली नाही. त्याने वेदान्तसार वाचलं असो वा नसो, 'आरोप' या शब्दाने ते त्याच्याकडून वाचून घेतलं.

अध्यारोप दूर करण्यालाही वेदान्तात नाव आहे : अपवाद. साप नव्हे, दोरीच होती, हे कळणं म्हणजे अपवाद. आणि गंमत अशी की व्यवहारात याच शब्दाचा एक अर्थ निंदा, ठपका. लोकापवाद म्हणतो ना आपण, तोच. आरोप काढून टाकणारा शब्द आणि बदनामी करणारा शब्द एकच! न्यायाधीशाने पहिला अपवाद केला, गावाने दुसरा. त्याला एकाच दिवशी दोन्ही मिळाले.

मूळ प्रश्न राहिलाच की. खून त्याने केला असं लेखक सुचवतो का? मला तसं वाटत नाही. मुक्ततेबरोबर कायद्याच्या लेखी 'आरोपी' संपला, त्यामुळे शेवटच्या वाक्यातला आरोपी न्यायालयाचा नाही. ते वाक्य शेजारणीच्या खिडकीतून वाचा. आणि तो घरी जाऊन करतो काय, तर दिवा लावतो. दोरीचा साप झाला असेल तर दुसरं करायचं तरी काय?

आता जाणकार मित्र. त्यांचा युक्तिवाद जुनाच आहे : वादी म्हणजे वाद करणारा, द्वेषी म्हणजे द्वेष करणारा, तेव्हा आरोपी म्हणजे आरोप करणारा. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपित. मोठमोठ्या शुद्धलेखनवाल्यांनीही हे ठणकावलं आहे, म्हणून ते खरं ठरत नाही. संस्कृतात दोन निरनिराळे 'ई' आहेत. एक कर्त्याचा, तो वादीत आहे. दुसरा 'ज्याच्यापाशी अमुक आहे' असं सांगणारा. दंड म्हणजे काठी आहे तो दंडी, धन आहे तो धनी. पाणिनीचं 'अत इनिठनौ' हे सूत्र यासाठीच आहे. आरोप ज्याच्या माथी आहे तो आरोपी, यात व्याकरणाचं कुठलं कलम मोडलं? एवढंच नव्हे, साक्षीसुद्धा 'साक्षात्'ला हाच दुसरा 'ई', म्हणजे इन् प्रत्यय, लागून झालेला आहे. म्हणजे आरोपी आणि साक्षी एका प्रत्ययाचे भाऊ, फक्त समोरासमोर उभे. (आपण त्या साक्षीला वर 'दार' जोडून साक्षीदार केलं, हा मराठीचा उदारपणा.)

'आरोपित' चूक आहे असं मी म्हणत नाही. लिहायचं त्याने खुशाल लिहावं. पण 'आरोपी'ला चूक ठरवणाऱ्या त्या मित्राला एकदा विचारा, आजारी पडल्यावर ते रोगी होतात की रोगित.