सूतगिरणीतल्या संग्रहालयाची पाटी

प्रश्न : इंग्लंडमधल्या आमच्या गावात जुन्या सूतगिरणीत आम्ही छोटं संग्रहालय काढतोय. इमारत वारसा यादीत आहे. दर्शनी भिंतीवर पाटी लावायला परवानगी लागेल का?

उत्तर : बहुधा दोन लागतील. पहिली जाहिरात-संमती, म्हणजे पाटी लावायची परवानगी; ती इंग्लंडच्या २००७च्या जाहिरात-नियमावलीप्रमाणे मिळते. तिथे फक्त परिसराचं रूप आणि लोकांची सुरक्षितता पाहतात. मुदत साधारण ५ वर्षं. काही लहान पाट्यांना ही संमती लागतही नाही. वारसा इमारतीची संमती मात्र वेगळी. इमारतीचं स्वरूप बदलणारं काम तिच्याविना करणं गुन्हा आहे. एका गिरणीत मी विटेतच ठोकलेले लोखंडी खिळे पाहिले. गंजून फुगले होते, विटेचा पापुद्रा हातात आला. फार वाईट वाटलं. तुम्ही भोकं सांध्यातल्या चुन्यातच पाडा, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. आणि गिरणीचं जुनं रंगवलेलं नाव भिंतीवर असेल, तर कृपा करून ते झाकू नका.