माइक कुणाला द्यायचा, कुणाचा काढायचा?

प्रश्न : घरात मिक्सर बदलायचं नुसतं बोलणं झालं, मी कुठे काही शोधलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मिक्सरच्या जाहिराती सुरू! फेसबुक आणि इन्स्टाग्रामचा माइक बंद केला, तरी त्या थांबेनात. फोन आपलं बोलणं ऐकतो की नाही, ते एकदा सांगून टाका. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : माइक बंद केल्यावरही जाहिराती तशाच राहिल्या, यातच निम्मं उत्तर आलं. माहिती दुसऱ्या वाटेनं गेली आहे. तुम्ही शोधलं नसेल, पण ज्यांच्याशी बोललात त्यांनी शोधलं असेल, आणि एकाच वाय-फायवरचे फोन जाहिरातवाले एकाच घरातले धरतात. शिवाय लोकेशन, दुकानात बिलासाठी दिलेला मोबाइल नंबर आणि फोनचा स्वतःचा ॲडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातवाले फोन ओळखतात तो क्रमांक), एवढ्यावर त्यांचं छान भागतं.

अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली. गुपचूप माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही हाती लागलं नाही. मात्र काही ॲप स्क्रीनवर काय चाललंय ते टिपून तिसऱ्याच कंपनीला पाठवताना सापडली. त्यासाठी कुठलीच परवानगी मागावी लागत नव्हती, हे जास्त गंभीर.

हिशेबही करून पाहा. बोलण्याची फाइल दाबून अगदी लहान करून पाठवली तरी सेकंदाला २ केबी लागतात. तासाला ७ एमबी, दिवसाला १७० एमबी. सेटिंग्जमध्ये डेटा युसेज उघडून त्या ॲपचा बॅकग्राउंड डेटा बघा, एवढी चोरी लपत नाही. फोनमध्येच बोलण्याचा मजकूर करून पाठवला तर डेटा नगण्य लागेल हे खरं, पण मग बॅटरी झपाट्यानं उतरेल आणि माइक चालू असल्याची खूण वर दिसत राहील.

म्हणून माइक अगदी सोवळा आहे असंही नाही. स्पेनच्या ला लिगा या फुटबॉल लीगचं अधिकृत ॲप सामन्याच्या वेळी माइक आणि लोकेशन वापरून कोणत्या बारमध्ये चोरून सामना दाखवला जातोय ते ओळखत होतं. लोकांनी परवानगी दिली होती, पण माइक प्रत्येक वेळी चालू होताना त्यांना नीट कळवलं जात नव्हतं, म्हणून २०१९ मध्ये तिथल्या डेटा संरक्षण यंत्रणेनं अडीच लाख युरोंचा दंड ठोठावला. लीगला तो मान्य नव्हता, ही गोष्ट वेगळी. म्हणजे धोका खरा आहे, पण तो आपणच न वाचता ‘अलाऊ’ दाबलेल्या ॲपमधून येतो.

जाहिराती कमी करायच्या असतील तर अँड्रॉइड १२ किंवा पुढच्या फोनवर सेटिंग्ज, गुगल, ॲड्स इथे जाऊन ॲडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधल्या ट्रॅकिंगमध्ये ॲपना विचारण्याची मुभाच बंद करा. जाहिराती येतील, फक्त नेम चुकेल.

प्रश्न : कोणत्या ॲपला माइक आहे ते एका जागी कुठे दिसतं? सगळ्यांचा काढला तर काय बिघडेल? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : अँड्रॉइडवर सेटिंग्ज, प्रायव्हसी, परमिशन मॅनेजर, मायक्रोफोन. काही कंपन्यांच्या फोनमध्ये प्रायव्हसी हे सिक्युरिटीच्या पोटात असतं. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘परमिशन’ टाइप करा. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत मायक्रोफोन. तिथे एखादं ॲप दिसतच नसेल तर त्यानं अजून माइक मागितलेलाच नाही.

व्हॉट्सॲप, कॅमेरा आणि मराठीत बोलून टाइप करत असाल तर कीबोर्ड, यांना ‘ॲप वापरतानाच’ ठेवा. कॅमेऱ्याचा माइक काढलात तर मुलाच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ मुका निघेल. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपला पैसे पाठवायला माइक लागत नाही. व्हिडिओ केवायसीला लागतो, तेव्हा ‘फक्त या वेळी’ निवडा. ही सोय अँड्रॉइड ११ पासून आहे. टॉर्च, कॅल्क्युलेटर, वॉलपेपर, पत्त्यांचे खेळ यांचा माइक बिनदिक्कत काढा.

एक अडचण हमखास येते. अँड्रॉइडवर दोनदा नकार दिला की ॲप पुन्हा विचारतच नाही. आयफोनवर एका नकारातच तसं होतं. मग ॲपमधलं माइकचं बटण दाबून काहीच घडत नाही आणि फोन बिघडलाय असं वाटतं. अँड्रॉइडवर ॲपचं चिन्ह दाबून धरा, ॲप इन्फोत परमिशन्स उघडा आणि तिथून माइक परत द्या. आयफोनवर सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या नावाखाली माइकचं बटण मिळेल.

प्रश्न : प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये रात्री झोपेच्या वेळी व्हॉट्सॲपनं माइक वापरल्याची नोंद दिसते. हॅक झालाय का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : लगेच तसं समजू नका. कोणत्या ॲपनं माइक, कॅमेरा कधी वापरला ते दाखवणारं अँड्रॉइडमधलं पान म्हणजे हा डॅशबोर्ड. २०२३ च्या मे महिन्यात नेमक्या अशाच नोंदींवरून गदारोळ झाला होता. दोष अँड्रॉइडच्या डॅशबोर्डमध्ये आहे, तो चुकीच्या नोंदी दाखवतोय, असं गुगलनं मान्य केलं आणि नंतर दुरुस्तीही दिली. म्हणून आधी फोन आणि व्हॉट्सॲप दोन्ही अपडेट करा. तरी नोंद येत राहिली तर व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस, म्हणजे तुमचं खातं आणखी कुठे उघडं आहे ते तपासा, मग सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी (अपंगांना फोन वापरता यावा म्हणून असलेली सोय) उघडा. तिथे अनोळखी नावाचं ॲप चालू असेल तर ते खरं काळजीचं. ट्रॅफिक चलान किंवा लग्नपत्रिकेच्या नावानं आलेल्या एपीके फायली (प्ले स्टोअरला वगळून थेट ॲप बसवणाऱ्या) हीच परवानगी मागतात, आणि ती मिळाली की स्क्रीन वाचणं आणि बटणं दाबणं दोन्ही त्यांच्या हातात जातं. असं ॲप दिसलं तर इंटरनेट बंद करा, ॲपची ॲक्सेसिबिलिटी काढा, मग ते उडवा. हा क्रम पाळा, कारण परवानगी असताना अशी ॲप अनइन्स्टॉल होऊ देत नाहीत. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा.

प्रश्न : कर्जाचं ॲप माइक, कॅमेरा आणि कॉन्टॅक्ट्स मागतंय. द्यावं का? (एक वाचक, जालना)

उत्तर : कॉन्टॅक्ट्स अजिबात नाही. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार अशा ॲपनं कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फायली यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन हे केवायसीपुरतं एकदाच आणि तुमच्या स्पष्ट संमतीनं. कॉन्टॅक्ट्सशिवाय पुढे सरकत नसेल तर ते ॲप तिथेच काढून टाका. वसुलीच्या वेळी नातेवाइकांना जाणारे फोन त्याच यादीतून जातात.

प्रश्न : वडील फोनवर बोलतात, पण समोरच्याला काहीच ऐकू जात नाही. माइक बदलायला दुकानदार पैसे सांगतोय. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पैसे देण्याआधी स्क्रीन वरून दोनदा खाली ओढा आणि ‘माइक ॲक्सेस’ नावाचा चौकोन बघा. अँड्रॉइड १२ पासून हा असतो आणि चुकून बोट लागून बंद होतो. तो बंद असला की ॲपला परवानगी असूनही फक्त शांतता मिळते. तो चालू करून रेकॉर्डरमध्ये दहा सेकंद बोला. आवाज आला तर काम झालं. नाही आला तर खालच्या कडेच्या चार्जिंगच्या भोकाजवळचं बारीक छिद्र मऊ ब्रशनं साफ करा. टाचणी आत घालू नका, जाळी फाटते. आणि कव्हर काढून एकदा बोलून बघा. स्वस्त कव्हरचं भोक बऱ्याचदा छिद्रासमोर येतच नाही.