आयएनजी किंवा ईडी लागलेला शब्द विशेषण आहे की क्रियापद, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न वाचला आणि थेट नववीचा वर्ग आठवला, म्हणून लिहितेय.

आम्ही निफाडकडचे, घरी द्राक्षबाग. चाचणीच्या पेपरात विशेषण ओळखा म्हणून वाक्य होतं, 'वी बॉट ड्राइड ग्रेप्स'. मी ड्राइड लिहिलं. सरांनी लाल फुली मारली, म्हणे ड्राय क्रियापद, ईडी लागलं की भूतकाळ, विशेषण कुठून आलं? आणि त्याच आठवड्यात घरी बेदाण्याचं काम चालू होतं, डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढलेले घड शेडमधल्या जाळीवर पसरायचे, दहा-पंधरा दिवस वाळू द्यायचे, शाळेत आले तरी हात चिकट. मी उभी राहून म्हटलं, सर, वाळवलेली द्राक्षं, मग 'वाळवलेली' विशेषणच ना? 'इंग्रजीच्या तासाला मराठी आणू नको' म्हणून तास संपेपर्यंत बाहेर उभं केलं. मार्क गेला त्याचं काही नाही, पण बरोबर असून बाहेर उभी राहिले ते अजून डोक्यातून जात नाही.

मराठी आणायचीच. आता नाशिकच्या गंगापूर रोडला क्लास घेते, पहिल्याच दिवशी हे शिकवते. शब्दाचं मराठी करा. -लेला, -लेली होऊन नामाला चिकटला तर विशेषण, ब्रोकन ग्लास म्हणजे फुटलेली काच. -ता, -णारा झाला तरी विशेषण, रनिंग वॉटर म्हणजे वाहतं पाणी. पण ड्रिंकिंग वॉटर? पाणी काही पीत नाही, ते प्यायचं पाणी, तिथे जेरंड, म्हणजे क्रियापदाला आयएनजी लागून झालेलं नाम. व्याख्या पाठ करून जे पोरांना महिनाभर कळत नाही ते गोदावरीचं वाहतं पाणी आणि माठातलं प्यायचं पाणी म्हटलं की लगेच कळतं. आणि कुणी मराठी आणू नका म्हणालं तर मराठी व्याकरणातलं धातुसाधित विशेषण काढून दाखवा, इंग्रजीवाले पार्टिसिपल म्हणतात ते हेच.

हां, शब्दाआधी व्हेरी लावून बघा, शोभलं तर विशेषण, असं सगळे सांगतात, ते व्हेरी टायर्ड, व्हेरी बोरिंगला चालतं, पण व्हेरी रनिंग वॉटर कुणी म्हणत नाही तरी रनिंग विशेषणच, त्यामुळे त्या एकावर विसंबू नका. बोरिंगचं मराठी कंटाळवाणं होतं, तिथे माझं -णारा बसत नाही, हेही मान्य. आणि 'द ग्लास वॉज ब्रोकन बाय द बॉइज' मध्ये कुणी फोडली ते आलंय, म्हणजे क्रियापद. नुसतं 'वॉज ब्रोकन' असेल तर दोन्ही अर्थ निघतात, मग आजूबाजूची वाक्यं वाचा.