पूर्वी शाळेत डॉक्टर तपासणीला यायचे, त्याचा काम करणाऱ्या मुलांना खरंच काही फायदा झाला का?

शाळेत होती त्या पोरांना थोडाफार झाला. कामाला होती त्यांना काडीचा नाही, कारण डॉक्टर यायचे शाळेत आणि ही पोरं घरात मांडीवर सूप घेऊन बसलेली. माझं गाव निपाणी, कर्नाटकाच्या हद्दीतलं बिडी-तंबाखूचं गाव, त्यामुळं मी बिडीवरनंच बोलणार, चालवून घ्या.

आमची आई बिड्या वळायची, वडील तंबाखूच्या वखारीत. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी पत्रा ठेवून कात्रीनं कापायची, मग जर्दा भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा आणि तोंड नखानं दुमडायचं. हे शेवटचं काम आम्हा पोरींचं, कारण बोटं बारीक. शाळेच्या आधी आणि शाळेतनं आल्यावर, दिव्याच्या उजेडात मान खाली घालून. मजुरी हजार बिड्यांवर, त्यातनं छाट म्हणजे खराब ठरवलेल्या बिड्या काढून टाकायचे ते वेगळंच, त्यामुळं जितके हात तितकं बरं. कामाला नाव एकट्या आईचं आणि हात सगळ्या घराचे. माझी आक्का चौथीनंतर शाळेला गेलीच नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट, आमच्या मराठी शाळेत डॉक्टर आले. धारवाडकडचे, मराठी जेमतेम. व्हरांड्यात वजनकाटा मांडलेला, बाई नाव पुकारणार, काट्यावर चढायचं, मग जीभ दाखव, दात दाखव, पाठ वळव. माझी पापणी खाली ओढून बघितली आणि कंपाउंडरला काहीतरी लिहायला सांगितलं. मग माझा हात उलटा केला. अंगठा आणि बाजूचं बोट तंबाखूनं पिवळंतपकिरी झालेलं, ते साबणानंबी जात नाही, वळणाऱ्यांना माहीत आहे. बोट नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि सगळ्या वर्गादेखत, "तंबाकू तिंतियेन?" म्हणजे तंबाखू खातेस काय. पोरं फिदीफिदी हसली, आमच्यात कन्नड न येणाऱ्यालाही एवढं कळतंय. बाईच म्हणाल्या, नाही ओ सर, घरात बिडीकाम आहे. डॉक्टर "हं" म्हणाले आणि पुढची पोरगी बोलावली. बस्स, तेवढंच. घरात किती पोरं वळतात, कधीपासून, डोकं दुखतं का, मळमळतं का, काही नाही. ओल्या तंबाखूतलं निकोटीन कातडीतनं अंगात जातं, हे मला फार पुढं वाचून कळलं, पण सकाळी उठल्यावर गरगरायचं ते तेव्हापासनंच.

कार्डावर काय, तर रक्त कमी, दूध अंडी पालेभाजी द्या. बाईंनी वाचून दाखवलं. अंडी कशातनं आणायची ते कार्डात नव्हतं.

आणि आक्का? ती त्या दिवशी घरातच होती. तिला कुणी पापणी ओढून बघितलं नाही. तिचं वजन आयुष्यात पहिल्यांदा झालं ते लग्नानंतर, टीबीच्या दवाखान्यात. तेव्हाचा उपचार म्हणजे इंजेक्शनं टोचून टोचून जीव नकोसा आणि गोळ्या वर्षाच्या वर. वाचली, पण पुढं कायम धाप.

आता तुमचा "पूर्वी" म्हणजे त्याच्याही आधीचा असेल तर ऐका. गिरण्यांत डॉक्टर होता, पण तो पोरगं कामाला लावायच्या लायकीचं आहे का ते ठरवायला. विलायतेत १८३३ च्या कायद्यात डॉक्टरनं लिहून द्यायचं की पोराची ताकद आणि अंगकाठी नऊ वर्षाच्या पोरासारखी आहे, झालं, जा गिरणीत. आपल्याकडं १८८१ च्या कायद्यानं सात वर्षाच्या पोराला दिवसाला नऊ तास काम चालत होतं, आणि ही सुधारणा बरं का! शाळातपासणी विलायतेत १९०७ ला कायद्यानं आली, तीसुद्धा दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात भरतीला आलेली इतकी माणसं अंगानं नापास झाली म्हणून. आपल्याकडं १९०९ ला सयाजीरावांच्या बडोद्यात सुरू झाली, पण १९४६ ला देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या सरकारी भोर समितीनं लिहिलं की देशात शाळा-आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच. बिडीवाल्या पोरांचं म्हणाल तर १९३८ ला बाराच्या खालच्यांना बंदी, १९६६ च्या बिडी कायद्यानं चौदाच्या खालच्यांना, पण ती कारखान्याच्या जागेत. घरात कोण बघतंय? १९८६ च्या बालकामगार कायद्यानंही घरच्यांबरोबरचं काम सोडूनच दिलं, २०१६ ला कायदा बदलला तरी घरच्या धंद्यात मदतीची सूट राहिलीच, फक्त धोक्याची कामं त्यातनं वगळली. मधल्या काळातल्या आमच्यासारख्यांनी काय करायचं होतं ते विचारू नका.

हे सगळं लिहायचं कारण आमचे थोरले भावजी. दर गणपतीला जेवताना एकच टेप, आमच्या वेळची पोरं काम करूनसुद्धा दणकट होती, आत्ताच्यांना शाळेत दूध, गोळ्या, तपासण्या आणि तरी किरकिरी. अहो, जी दणकट निघाली ती पंगतीला बसलीत, बाकीची बोलायला आहेत कुठं? मी पुढं मास्तरीण झाले आणि तपासणीच्या दिवशी गैरहजर पोरांना घरनं बोलावून आणायची. हेडमास्तर वैतागायचे, म्हणायचे हजर आहेत तेवढी दाखवा की. मी ऐकलं नाही. तुम्ही शाळेत असाल तर हेच करा, हजर पोरांचं कार्ड कोणीपण भरतंय.

एक सांगायचं राहिलं, टीबी जंतूनं होतो, बिडीनंच झाला असं मी म्हणत नाही, पण बंद खोली, जर्द्याची धूळ आणि अर्धपोटी अंग म्हटल्यावर त्याला आमंत्रणच. आणि त्या डॉक्टरांवर माझा आता राग नाही, एका दिवसात अख्खी शाळा उरकायची म्हटल्यावर माणूस काय करणार. हल्ली फिरती टीम येते ती बरीच बरी, पोराला पुढं दवाखान्यात पाठवतात तरी.

भावजी हे वाचणार, मला माहीत आहे. कमेंट जरूर करा, फक्त आधी एवढं लिहा की तुमच्या घरात बिडी कोण वळत होतं आणि हायस्कूलला कोण जात होतं.