सुदानसाठी एफडीचे पाच लाख द्यावेत का?

कोंढव्यातल्या 66 वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. त्यांच्या वरच्या मजल्यावर बरीच वर्षं सुदानी विद्यार्थी भाड्याने राहत. त्यांतला एक आता सुदानमधल्या ओमदुरमान शहरात मोहल्ल्याच्या सामूहिक स्वयंपाकघरात राबतो. पुढच्या महिन्यात बाईंची 5 लाखांची एफडी पूर्ण होते आहे, ती सगळी तिकडे द्यावी असं त्यांना वाटतं. मुलगा म्हणतो, करसवलत नाही, तर कशाला? शिवाय इथला एक गट सुदानच्या प्रश्नावर दिल्लीला निवेदन नेण्यासाठी वर्गणी मागतो आहे. पेन्शन महिना 31 हजार, बाकी बचत 9 लाख.

ताई, जरूर द्या. पण पाचही लाख नको, आणि एकरकमी तर नकोच.

आधी मुलाचा मुद्दा. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर 80जी ही करसवलत मिळत नाही, हे खरं. पण नव्या करपद्धतीत 80जी नाहीच, आणि तुमचं पेन्शन व व्याज मिळून 12 लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या खूप आत आहे. तुम्हाला करच लागत नाही, मग सवलत कशावर घेणार?

मला काळजी आहे ती वेगळी. पत्रात मेडिक्लेमचा उल्लेख नाही. नसेल तर हॉस्पिटलच्या एकाच मुक्कामात 9 लाखांतले निम्मे जाऊ शकतात.

आता तिकडचं बघा. सुदानचं लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यातलं युद्ध 15 एप्रिल 2023 ला पेटलं. ऑगस्ट 2024 मध्ये पश्चिम सुदानमधल्या दारफूरच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला. वस्त्यांमध्ये तरुणांनी चुली मांडल्या आणि लोक जगवले. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत अचानक थांबली आणि त्यांतल्या कित्येक चुली विझल्या. चूल विझते ती येणारा पैसा मध्येच तुटला की. म्हणून तुमच्या विद्यार्थ्याला थोडा पण ठरल्या वेळी येणारा पैसा हवा.

माझा हिशोब असा: 1 लाख आत्ता द्या. उरलेले 4 लाख पोस्टाच्या सीनियर सिटिझन योजनेत ठेवा. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 8,200 रुपये येतील, ते पाच वर्षं तिकडे जाऊ देत. मुद्दल तुमच्या आजारपणाला हाताशी राहील. मुदतीआधी काढलं तर थोडी कपात होते, पण मिळतं.

पैसे पाठवण्याचा रस्ता मात्र नीट निवडा. त्या मुलालाच विचारा, परदेशातली कोणती नोंदणीकृत संस्था त्यांच्या स्वयंपाकघराला पैसा पोचवते. बँकेतून, पॅन देऊन, ‘देणगी’ असं कारण लिहून तिलाच पाठवा. वर्षाला 10 लाखांच्या आत टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक घेते तो कर, कापला जात नाही. ‘इथे रोख द्या, दुबईहून पोचेल’ असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. तो हवाला आहे, बेकायदा आहे. अशी संस्था सापडली नाही, तर संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला द्या.

त्या 1 लाखातला काही भाग पुण्यातच खर्च करा, असं मला मनापासून वाटतं. घरून पैसे येणं बंद झालेला एखादा सुदानी विद्यार्थी तुमच्या ओळखीत निघेल. त्याची फी थेट कॉलेजच्या काउंटरवर भरा आणि पावती घ्या. फी थकली की व्हिसाची मुदत वाढवतानाही पोरं अडकतात.

निवेदनाची वर्गणी पाचशेच्या वर देऊ नका. त्या कामाला तुमच्या पैशापेक्षा तुमची सही जास्त उपयोगी आहे. ही मुलं तुमच्या घरात राहिली, तुम्ही त्यांना ओळखता. तेच एका पानावर तुमच्या खासदारांना लिहा. आणि एफडी पूर्ण व्हायच्या आत मेडिक्लेमचं मला कळवा, मग पोस्टाचा फॉर्म बसून भरू.