ट्विन सिलिंडर लावून डायव्ह करायचं तर कोणती बीसीडी (हवा भरून-सोडून पाण्यात तरंग सांभाळायचं साधन) घ्यावी?

साधी जॅकेट बीसीडी नको. बॅकप्लेट (पाठीवरची धातूची पाटी) आणि ट्विनसाठीची रुंद विंग (पाठीमागची हवेची पिशवी) घ्या, 12 लिटरच्या स्टील जोडीला साधारण 18 ते 20 किलो लिफ्टची, म्हणजे तेवढं वजन पाण्यात उचलून धरणारी. जॅकेट एका सिलिंडरच्या पट्ट्यावर बेतलेलं असतं. ट्विनचे बँड मात्र बोल्टने थेट प्लेटला बसतात, दोन बोल्टांत 11 इंच अंतर. सिंगलची अरुंद विंग लावली तर ती दोन सिलिंडरच्या मधे चेपते आणि पुरती फुगतच नाही.

लिफ्टचा हिशेब असा: 232 बारला भरलेल्या या जोडीत नुसत्या हवेचं वजनच साडेसहा किलोच्या वर जातं, आणि जाड वेटसूट (फोमसारख्या रबराचा सूट) असेल तर तो 30 मीटरवर दबून आपली बरीचशी तरंगशक्ती घालवून बसतो. एवढ्याला 18 ते 20 किलो पुरतात, म्हणून 'असू दे जास्तीची' करत 30 किलोची विंग उचलू नका. सैल कापडात हवा कोपऱ्यात अडकते आणि सोडताना जीव खाते.

इन्फ्लेटरची (विंगमध्ये हवा भरायची) नळी उजव्या पोस्टवर, म्हणजे उजव्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर घ्या. डाव्याचा नॉब गुहेच्या किंवा बुडालेल्या जहाजाच्या छताला घासला की बंद होण्याच्या दिशेने फिरतो.

स्टीलची जोडी सांगितली ती ड्रायसूट (पाणी आत न येणारा, हवा भरता येणारा सूट) आहे असं धरून. वेटसूटमध्ये विंग फाटली तर वर यायला दुसरा आधार नसतो. तिथे हलकी अ‍ॅल्युमिनियम जोडी बरी, किंवा डबल ब्लॅडरची (आत हवेच्या दोन पिशव्या असलेली) विंग. मात्र दुसऱ्या ब्लॅडरचा व्हॉल्व्ह झिरपला तर तो नकळत फुगतो, तेव्हा त्यावर लक्ष हवं.