दोन सीटच्या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये (माझदा मिआटा) फायर एक्स्टिंग्विशर कुठे आणि कसा बसवावा?

डिकीत तर अजिबात नको. मागून धडक बसली की डिकी उघडतेच असं नाही. मिआटात सगळ्यात चांगली जागा म्हणजे पॅसेंजर सीटच्या पुढे, गुडघ्यांखाली आडवा. सीटचे पुढचे दोन बोल्ट काढून त्यांवरच बसणारी धातूची पट्टी मिळते. जमिनीला भोक पाडावं लागत नाही. बसवल्यावर सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून बघा आणि सीटखालच्या एअरबॅगच्या वायरी कुठे दाबल्या जात नाहीत ना, तेही पाहा.

सिलिंडरसोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपवर विसंबू नका. जोरात धडक झाली तर किलोभराचं सिलिंडर तोफगोळ्यासारखं केबिनमध्ये उडेल. धातूचाच ब्रॅकेट घ्या, एका हाताने पिन ओढली की सुटणारा. ड्रायव्हरच्या पायांपाशी मात्र कधीच लावू नका, पेडलखाली गेलं तर संपलंच.

1 किलोचं एबीसी पावडरचं (बहुतेक प्रकारच्या आगींवर चालणारी कोरडी पावडर) सिलिंडर स्वस्त आणि जोरकस, पण ती पावडर वायरिंगमध्ये शिरून धातू खाते. परवडत असेल तर क्लीन एजंटचं (पावडरऐवजी वायू होऊन उडून जाणारं रसायन) घ्या, मागे काही राहत नाही. लहान सिलिंडर जेमतेम 8-10 सेकंद चालतं, म्हणून बॉनेट सताड उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते. खटका ओढून जेवढी फट पडते तिथूनच मारा. सिलिंडरवरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते दर महिन्याला बघा, आणि आग पहिल्या फवाऱ्यात दबली नाही तर गाडी सोडून लांब व्हा.